हिशेब मागणाऱ्यांचा खर्च

पुण्याच्या पर्वती संस्थानाचा कारभार नीट चालत नाही, अशी तक्रार १८७० च्या आधीपासून शहरात होती. देवस्थानाला मिळणाऱ्या पैशाचा विनियोग कसा होतो, हे पंचांना विचारायचं कोणी, असा प्रश्न होता. विचारणारा एकटा असला की त्याला कोणी दाद देत नाही. म्हणून मंडळी एकत्र आली आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण. लोक त्यांना पुढे सार्वजनिक काकाच म्हणू लागले. सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवून हलाखीची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे ठेवली. सरकारी मदत कुठे पोचली आणि कुठे नाही, हे बिगरसरकारी माणसांनी हिंडून तपासायचं, ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

या इतिहासात एक साधी गोष्ट नजरेआड राहते. दुष्काळी गावांत जाणाऱ्या माणसाला भाडं लागतं, दोन वेळचं जेवण लागतं. अर्ज लिहायला कागद लागतो, टपालाला तिकीट लागतं. सरकारचा हिशेब मागणाऱ्याचा हा खर्च कोणी द्यायचा? सरकारने दिला तर तो किती मोकळेपणाने बोलेल? धनिकाने दिला तर धनिकाचं हित कुठे आड येईल? परदेशातून आला तर त्याच्यावर कोणता शिक्का बसेल? आणि कोणीच दिला नाही, तर तो किती दिवस टिकेल? दीडशे वर्षं उलटली तरी या प्रश्नाला आपण सरळ भिडलेलो नाही. भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढ्यावर आपण उदंड बोलतो. तो लढणाऱ्यांच्या महिन्याच्या खर्चावर मात्र कोणी बोलत नाही.

या बाबतीत राजस्थानची एक संघटना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अरुणा रॉय यांनी १९७५ मध्ये आयएएसची नोकरी सोडली. काही वर्षं तिलोनियातल्या मोठ्या स्वयंसेवी संस्थेत काम केलं. १९८७ मध्ये शंकर सिंह आणि निखिल डे यांच्याबरोबर त्या राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या छोट्या गावात मातीच्या घरात राहायला गेल्या. १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. संस्थात्मक अनुदान घ्यायचं नाही, देशी नाही आणि परदेशीही नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. पूर्णवेळ कार्यकर्त्याला सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीइतकंच मानधन. बाकी खर्च व्यक्तींच्या देणग्यांतून.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात या संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तिचं तंत्र अगदी साधं होतं. पंचायतीच्या कामांची बिलं, व्हाउचर आणि हजेरीपत्रकं मिळवायची आणि गावासमोर माईकवरून मोठ्याने वाचायची. हजेरीपत्रकातलं एकेक नाव, त्यापुढचे दिवस, त्यापुढची मजुरी. नाव वाचलं की त्या नावाच्या माणसाने उठून सांगायचं, मी कामावर होतो की नव्हतो, मला इतके मिळाले की नाही. कोणी म्हणायचं, तेव्हा मी गावातच नव्हतो. एखादं नाव मेलेल्या माणसाचं निघायचं. कागदावर पुरी झालेली इमारत गावात अर्धवट उभी असायची आणि ती ऐकणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवरच असल्यामुळे पुरावा शोधायला कोणाला कुठे जावं लागत नसे. त्याच महिन्यात भीम इथे झालेल्या सुनावणीत पंचायतीला माल पुरवणारी एक फर्म फक्त कागदावरच असल्याचं उघड झालं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात सरकारी कागद हातात धरला नव्हता, तिच्या एका वाक्याने लेखापरीक्षकाची सही खोटी ठरत होती.

पण ते कागद हातात आले एखाद्या सहृदय अधिकाऱ्याच्या मर्जीने. पुढच्या गावात तशी मर्जी मिळेना. मग कागदांच्या नकला हा नागरिकाचा हक्कच असला पाहिजे, ही मागणी आली. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरातल्या चांग गेटपाशी चाळीस दिवस धरणं चाललं. या धरण्याचा खर्च कोणी केला, तो तपशील मला मोलाचा वाटतो. गावांतून धान्य गोळा झालं. शहरातल्या भाजीवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत लोकांनी आपापल्या परीने हातभार लावला. ज्यांच्याकडे रोजच्या मजुरीपलीकडे काही नव्हतं, त्यांनी या मागणीवर पैसे लावले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. त्याच मागणीतून राजस्थानचा २००० चा माहिती अधिकार कायदा आला. आपल्याकडे महाराष्ट्राचा माहिती अधिकार आला, त्यासाठी अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं. अखेर केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला. स्वतंत्र भारतातला भ्रष्टाचाराविरुद्धचा सगळ्यांत धारदार कायदा ज्या आंदोलनातून निघाला, त्याच्या मुळाशी प्रकल्प अहवाल नव्हता, लोकांनी दिलेला दाणागोटा होता.

म्हणून काहीजण लगेच निष्कर्ष काढतात की अनुदान हेच विष आहे, सच्च्या माणसाला पैसा लागत नाही. हे मला मुळीच पटत नाही. धरणं चाळीस दिवसांत संपतं. काही कामं अशी असतात की ती रोज, वर्षानुवर्षं, पगारी माणसानेच करावी लागतात. तुरुंगातलं काम त्यांपैकी आहे.

एखाद्या कच्च्या कैद्याचं प्रकरण कसं चालतं ते पाहा. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला, पुलाखाली राहणारा तरुण. न्यायालयाने जामीन मंजूर केला, रक्कम पंधरा हजार, एक जामीनदार. कागदावर तो सुटला. प्रत्यक्षात तो बराकीतच आहे, कारण जामीनदार व्हायला ओळखीचं कोणी नाही. असलं तर त्याच्याकडे रेशनकार्ड नाही, ऐपतीचा दाखला नाही. आता कोणीतरी त्याच्या गावी जायला हवं, भाऊ किंवा मामा शोधायला हवा, तलाठ्याकडून कागद आणायला हवेत, त्या नातेवाइकाला एक दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात यायला राजी करायला हवं. तारखेला न्यायाधीश रजेवर असले तर हे सगळं पुन्हा. नाहीतर जामीन पीआर बाँडवर, म्हणजे नुसत्या जातमुचलक्यावर द्यावा असा अर्ज करायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात हमी भरता आली नाही तर न्यायालय अट सैल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राने त्याच वर्षी गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. आदेश चांगला आहे, योजनाही चांगली आहे. पण बराकीतल्या माणसाचं नाव त्या योजनेच्या अर्जावर लिहायला, त्याचं घर शोधायला आणि अर्ज टेबलावरून पुढे सरकवायला चालताबोलता माणूस लागतो.

२०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीत दरडोई खर्चाचे आकडे आहेत. पोलिसांवर माणशी वर्षाला १,२७५ रुपये, न्यायव्यवस्थेवर १८२, तुरुंगांवर ५७ आणि मोफत कायदेशीर मदतीवर सुमारे सहा रुपये. घटनेच्या ३९ अ कलमात दिलेलं वचन आपण सहा रुपयांत पाळू पाहतो.

ही पोकळी भरायला स्वयंसेवी काम लागतं, आणि ते अनुदानावरच चालतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पातले समाजकार्यकर्ते १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत जातात. असं काम एखाद्या शनिवारी-रविवारी फावल्या वेळात होत नाही. आणि अनुदानाचा धागा किती नाजूक असतो हे याच संस्थेत जून २०२४ मध्ये दिसलं. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून येणाऱ्या निधीचं नूतनीकरण झालं नाही म्हणून संस्थेच्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या शंभराहून अधिक प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना एकदम सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या. निधीचं आश्वासन मिळाल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. देशातल्या नामांकित संस्थेतली ही गत, तर तालुक्याच्या गावी तीन खोल्यांत चालणाऱ्या कायदा-मदत केंद्राचं काय होत असेल?

अनुदान मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सहसा माहीत नसतं. आधी प्रस्ताव. त्यात उद्दिष्ट, अपेक्षित फलित, मोजमापाचे निर्देशक. मुदत साधारण वर्ष-दोन वर्षांची. खर्चाचे शीर्ष ठरलेले: कार्यशाळा, पुस्तिका, प्रवास. दर तिमाहीला अहवाल, शेवटी विनियोग प्रमाणपत्र. हिशेब मागणाऱ्यांनी स्वतःचा हिशेब चोख द्यावा, यात वावगं काही नाही. अडचण वेगळी आहे. कार्यशाळेला पैसे मिळतात, कार्यालयाच्या भाड्याला मिळत नाहीत. पुस्तिका छापायला मिळतात, पण सहा वर्षं एकच खटला लढवणाऱ्या वकिलाच्या फीला मिळत नाहीत, कारण प्रकल्प दोन वर्षांतच संपलेला असतो. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात निकाल कधी लागेल हे सांगता येत नाही, लागेलच असंही नाही. मग ‘लाभार्थी’ या रकान्यात काय भरायचं? परिणामी संस्था मोजता येईल असं काम करू लागतात. अमुक शिबिरं, तमुक प्रशिक्षणार्थी. एका कंत्राटाच्या मागे तीन वर्षं चिकाटीने लागणारा माणूस अशा रकान्यांत बसत नाही, आणि खरा उपयोग तर त्याचाच असतो. या दोषाची मोठी जबाबदारी मी देणाऱ्यांवर टाकतो.

देशातल्या कंपन्यांचा पैसा इकडे जवळजवळ येतच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. ही रक्कम आता वर्षाला तीस हजार कोटींच्या घरात गेली आहे, आणि तिचा मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. शाळांचे वर्ग बांधले जातात, डायलिसिसची यंत्रं येतात, झाडं लागतात. ही कामं हवीतच. पण कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीत भ्रष्टाचारविरोधी कामाचं नावही नाही, आणि ज्या कंपनीला परवान्यासाठी सरकारी दारात उभं राहायचं असतं ती त्याच दारावर प्रश्न विचारणाऱ्याला पैसे देईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मग उरतो परदेशी निधी, आणि इथे प्रश्न अवघड होतो. परकीय योगदान नियमन कायदा पहिल्यांदा आला तो आणीबाणीत, १९७६ मध्ये. २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने फार आवळला गेला. परदेशी पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच घ्यायचा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या खर्चात कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसी, कायदेशीर आणि व्यावसायिक शुल्क ही सगळी धरली जातात. आणि सगळ्यांत मोठा घाव म्हणजे एका संस्थेने मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्था अर्ज-अहवालांची कटकट स्वतः करून गडचिरोली-नंदुरबारच्या लहान गटांपर्यंत पैसा पोचवत, तो मार्ग बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी ही दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी देणगी घेणं हा मूलभूत हक्क नाही, ही न्यायालयाची भूमिका. नोंदणी रद्द झालेल्या संस्थांची संख्या आता वीस हजारांवर गेली आहे. कागदपत्रं वेळेवर न भरणाऱ्या, नावापुरत्याच उरलेल्या पुष्कळ संस्था त्यांत आहेत. पण त्यांत वकिलांची ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ आहे, आणि माहिती अधिकार व तुरुंग सुधारणा या दोन्ही विषयांत देशभर दबदबा असलेली ‘कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह’ही आहे. तिची नोंदणी २०२१ मध्ये निलंबित आणि २०२२ मध्ये रद्द झाली.

दुसऱ्या देशाच्या पैशावर आपल्या लोकशाहीची राखण अवलंबून असू नये, ही भावना मला समजते. तिच्यात तथ्यही आहे. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि एका आदेशासरशी अमेरिकेची परदेशी मदत थांबली. देशोदेशीच्या भ्रष्टाचाराचा माग काढणाऱ्या पत्रकारांच्या ‘ओसीसीआरपी’ या जाळ्यालाही मोठी कर्मचारी कपात करावी लागली. दुसऱ्याच्या राजकारणावर आपली चूल पेटत असेल तर ती कधीही विझू शकते.

पण मग तोच न्याय सगळ्यांना हवा. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दोन मोठ्या राजकीय पक्षांना परदेशी देणग्यांच्या प्रकरणात दोषी धरलं. याचिका होती असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सची आणि केंद्राचे निवृत्त सचिव ई. ए. एस. सरमा यांची. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली, आणि ती मागे थेट ऑगस्ट १९७६ पर्यंत लागू केली. पक्षांची सुटका झाली. संस्थांसाठी मात्र हाच कायदा दोन वर्षांत आणखी कडक झाला. निवडणूक रोख्यांचंही तसंच. २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले, आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळत नव्हतं. याउलट देणगीवर करसवलत असलेल्या संस्थेला एखाद्या शिक्षिकेने पाचशे रुपये दिले, तरी तिचं नाव आणि पॅन क्रमांक प्राप्तिकर खात्याला कळवावे लागतात. रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले, तेही त्याच असोसिएशनच्या आणि इतरांच्या याचिकांमुळे. १९९९ मध्ये अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी ही असोसिएशन सुरू केली होती. उमेदवारांच्या गुन्ह्यांची आणि मालमत्तेची माहिती आज आपल्याला मतदानाआधी वाचायला मिळते, तीही त्यांनी लढवलेल्या खटल्यामुळेच.

सरकारी पैशातून स्वतंत्र तपासणी होऊच शकत नाही का? एक प्रयोग झाला आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची सक्ती होती. आंध्र प्रदेशाने त्यासाठी वेगळी स्वायत्त संस्था उभी केली. योजनेच्या खर्चातला अर्धा टक्का या तपासणीसाठी राखून ठेवायचा. मजूर कुटुंबातल्याच तरुणांना शिकवून तयार करायचं, पण स्वतःच्या गावात पाठवायचं नाही. त्यांनी घरोघर जाऊन जॉबकार्ड आणि हजेरीपत्रक ताडून पाहायचं, मग ग्रामसभेत वाचायचं. कोट किरानाच्या मांडवातली रीत इथे सरकारी नियमावलीत आली. उणिवा होत्या. शोधलेल्या रकमेची वसुली फारच थोडी झाली, आणि काही राज्यांत अंकेक्षण पथकांचा निधीच वेळेवर सुटत नसे. तरी मला हा मार्ग योग्य वाटतो. ज्या योजनेत पैसा आहे, त्याच पैशाचा ठरावीक हिस्सा तिच्या तपासणीसाठी कायद्याने बाजूला काढायचा, आणि तो सोडण्याचा अधिकार योजना राबवणाऱ्या खात्याकडे ठेवायचा नाही. राज्यातले मोठे रस्ते, धरणं, पाणीयोजना या सगळ्यांना हे लागू व्हायला हवं.

तोवर काम चाललं आहे ते पदरमोड करणाऱ्यांवर. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणालाही जाऊन फायली पाहता येऊ लागल्या. ही सोय पुण्याच्या नागरिक संघटनांनी रेटा लावून मिळवली आणि पुढे राज्यभरच्या कार्यालयांसाठी तसा आदेश निघाला. माहितीच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नकलेला पानाला दोन रुपये, अपिलाला वीस रुपये. रक्कम क्षुल्लक वाटते. पण एका रस्त्याच्या कामाच्या फायलीत मोजमाप पुस्तिका, निविदा, चाचणी अहवाल मिळून शेकडो पानं निघतात. माहिती नाकारली तर दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाची पायरी चढावी लागते, आणि तिथे २०२४ मध्ये एक लाखाहून अधिक प्रकरणं पडून होती. निवृत्तिवेतनावर जगणारी माणसं हा खर्च आणि ही वाट पाहणं वर्षानुवर्षं सोसतात.

कधी याहून मोठी किंमत पडते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीन घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे इथे फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. अशा लोकांच्या संरक्षणासाठी जागल्यांचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला. तो आजतागायत लागू झालेला नाही.

हेच तळेगाव पैसा फंडाचंही गाव आहे. अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागत. लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तिथे काचेचा कारखाना उभा राहिला. वर्गणी ही मराठी माणसाला परकी गोष्ट नाही. गणपतीला, शाळेला, दवाखान्याला, पूरग्रस्तांना आपण हात आखडत नाही. फक्त प्रश्न विचारणाऱ्याला देताना आपण बिचकतो. त्याला आपण शाबासकी देतो, वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवतो, आणि भांडण त्याचं त्याने भांडावं असं गृहीत धरतो.

एवढं करा. आपल्या जिल्ह्यात कायदेशीर मदत देणारा, माहिती अधिकारात काम करणारा किंवा पालिकेच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास करणारा एखादा गट शोधा. धर्मादाय आयुक्तांकडची त्याची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल पाहा. ते समाधानकारक वाटले तर जमेल तेवढी रक्कम द्या, दोनशे असो वा दोन हजार, पण ती कोणत्याही शीर्षाखाली बांधू नका. भाडं भरायचं की वकिलाची फी द्यायची, हे त्यांना ठरवू द्या. पावती घ्या, वर्षअखेरीला हिशेब मागा, आणि किमान तीन वर्षं देत राहा.